संपर्कयादीचे तारण

मराठीत सुबत्तेसाठी जितके शब्द आहेत त्यांहून कर्जासाठी अधिक असावेत. उसने, हातउसने, उधार, ऋण, कर्ज, देणे, उचल, सवाई-दिढी, गहाण, तारण, खत, रोखा, हुंडी, जामीन, वायदा, मुद्दल, चक्रवाढ, दामदुप्पट. यादी कुठे थांबवावी हेच कळत नाही. देणारा तो धनको आणि घेणारा तो ऋणको, अशी व्याकरणाच्या पुस्तकातील कर्ता-कर्मासारखी जोडीही आपल्याकडे आहे. शब्दांची अशी गर्दी उगाच होत नाही. ज्या व्यवहाराशी समाजाचा रोजचा झगडा असतो, त्या व्यवहाराच्या प्रत्येक वळणाला तो वेगळे नाव देऊन ठेवतो. आम्ही दोघेही जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. आमचा अर्थशास्त्राशी संबंध वर्तमानपत्राच्या वाचकापुरताच. तरीही गेल्या काही वर्षांत मोबाइलवरून मिळणाऱ्या कर्जाने या शब्दांची जी उलथापालथ केली आहे, ती भाषेच्या माणसांनीही पाहावी अशी आहे.

‘हप्ता’ हा शब्द घ्या. तो फारसीतून आला. ‘हफ्त’ म्हणजे सात आणि ‘हफ्ता’ म्हणजे सात दिवसांचा काळ. मराठीत रुळता रुळता आठवड्याशी असलेले त्याचे नाते सुटले. महिन्याचा हप्ता, सहामाहीचा हप्ता, विम्याचा हप्ता, आणि पुढे गल्लीतल्या दादाचाही हप्ता असा त्याचा विस्तार झाला. टाळेबंदीच्या काळात, म्हणजे २०२० मध्ये, झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांचे पेव फुटले. त्यांतल्या कित्येकांची परतफेडीची मुदत बरोबर सात दिवसांची होती. चारपाचशे वर्षे परमुलुखात भटकून शब्द आपल्या मूळ अर्थाकडे परतला. भाषाशास्त्राच्या वर्गात सांगण्यासारखे हे उदाहरण आहे खरे. सांगताना मात्र हसू येत नाही.

जालन्याला पैसा नवा नाही. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण इथल्या जुन्या व्यापारपेठेच्या वैभवावरून पडली. निजामी राजवटीतले हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, नंतर औरंगाबाद जिल्ह्याचा भाग राहिले आणि १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच संकरित बियाण्यांची कंपनी काढली. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज बियाणे आणि लोखंडी सळया या दोन गोष्टींनी शहराची ओळख होते. मात्र शहरातला हा पैसा भोकरदन-जाफ्राबादच्या किंवा घनसावंगी-मंठ्याच्या वाडीवस्तीपर्यंत कर्जाच्या रूपाने पोहोचायचा तर त्याला फार वळसे घ्यावे लागतात. बियाण्याच्या राजधानीपासून तीस-चाळीस किलोमीटरवर मृगाच्या तोंडावर बियाण्याच्या पिशवीसाठी उसनवारी चालते. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या. ज्यांनी ती झाडे तोडून सरपण केले त्यांच्या मुलांना आम्ही शिकवले आहे.

बँकेच्या पीककर्जासाठी सातबारा लागतो, आठ-अ लागतो, इतर बँकांचे बेबाकी दाखले लागतात आणि यांतल्या प्रत्येक कागदासाठी एक खाडा. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याच्यासाठी तर ही वाटही नाही. आणि कितीही झाले तरी तीन हजारांचे कर्ज द्यायला बँक बसलेली नसते. एवढ्या रकमेसाठी गावात दोनच दारे: नातलगांचे हातउसने किंवा टक्क्याने देणारा. तीन टक्के, पाच टक्के असे तो म्हणतो तेव्हा ते महिन्याचे असतात, हे सांगावे लागत नाही. दक्षिणेकडच्या तालुक्यांत तिसरे दार मुकादमाचे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, तो हंगामाआधी उचल देतो. या उचलीला तारण म्हणजे त्या दोघांचे सहा महिन्यांचे श्रम. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याचाच.

अशा मुलुखात फोन आला. २०१६ साली यूपीआय सुरू झाले, त्याच वर्षी सप्टेंबरात स्वस्त डेटा आला, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. चार वर्षांत आमच्या वर्गातल्या जवळपास प्रत्येक मुलाच्या खिशात असा एक चौकोन होता, ज्यात त्याचे आधार, त्याचे पॅन, त्याचे बँकखाते आणि त्याची सगळी माणसे एकत्र नांदत होती. धनकोला आणखी काय हवे?

आमच्या एका विद्यार्थ्याची हकीकत इथे सांगतो. नाव-गाव सांगत नाही, ॲपांची नावेही सांगत नाही. २०२२ च्या जानेवारीत तो कलाशाखेच्या दुसऱ्या वर्षाला होता. आईवडील पश्चिम महाराष्ट्रात एका कारखान्यावर ऊस तोडायला गेलेले. घरी तो आणि आजी. आजी आजारी पडली, तालुक्याच्या दवाखान्यात तीन हजार भरायचे होते. त्याने एक ॲप उतरवून घेतले. पाच हजार मंजूर झाले, हातात तीन हजार दोनशे आले. बाकीचे ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून आधीच कापले गेले होते. सातव्या दिवशी पाच हजार भरायचे. तीन हजार दोनशेवर आठवड्याला अठराशे, म्हणजे आठवड्याला सव्वाछप्पन्न टक्के. सरळव्याजाने वर्षाचे धरले तर २,९२५ टक्के. गावातला पाच टक्केवाला वर्षाला साठ घेतो आणि त्याला आपण रक्तपिपासू म्हणतो. मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळी वसूल करू नये, असे सांगणारा दामदुप्पटीचा जुना नियम हिंदू विधीत होता. या हिशेबाने ती मर्यादा दुसऱ्याच आठवड्यात ओलांडली जात होती.

इथे कोणीही विचारील की शिकत असलेल्या मुलाला एवढे गणित कळू नये? आम्हीही त्याला विचारले. त्याचे उत्तर आम्हाला या साऱ्या विषयाची किल्ली वाटते. तो म्हणाला, “सर, त्यात कुणी काहीच विचारीत नाही.”

नातलगाकडे तीन हजार मागायचे तर कशाला, कुणासाठी, बापाने उचल घेतली ती कुठे गेली, मागचे दिलेस का, या प्रश्नांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. देणारा वाईट असतो असे नाही. विचारणे हा त्याचा हक्कच असतो. मोबाइल काही विचारत नाही. खोलीत बसून, आजीला कळू न देता, पाच मिनिटांत पैसे खात्यावर. वीस वर्षांच्या मुलाला आपण कुणापुढे वाकलो नाही असे वाटायला लावणारी ही सोय आहे. व्याजाचा दर त्याला कळत नव्हता असे नाही. तो दर त्याने न वाकण्याची किंमत म्हणून मोजला. डिजिटल कर्ज लोकांनी एवढ्या झपाट्याने का स्वीकारले याची उत्तरे देताना वेग, सोय, कागदपत्रांचा जाच अशी कारणे दिली जातात, ती खरीच आहेत. त्यांच्या तळाशी हे एक कारण आहे, ते आकड्यांत सापडत नाही: माणसे लाज वाचवण्यासाठी ॲपाकडे जातात.

आणि ॲप तारण म्हणून नेमकी तीच लाज घेते.

ॲप सुरू करताना फोनने त्याला विचारले होते की या ॲपला तुमचे संपर्क पाहण्याची अनुमती द्यायची का. त्याने दिली. दिल्याशिवाय पुढचा पडदाच येत नव्हता. ‘अनुमती’ हा शब्द मराठीत मोठ्यांकडून लहानांकडे येणारा. गुरूची, वडिलांची अनुमती. इथे ती पैसे नसलेल्याने पैसे असलेल्याला द्यायची होती. ‘संपर्क’ हा शब्दही तसाच फसवा. त्या यादीत खरोखर काय होते? आमच्याकडची मुले फोनमध्ये नुसती नावे जतन करत नाहीत. ‘आई’, ‘बापू’, ‘मामा जाफ्राबाद’, ‘आत्या परतूर’, ‘ताई सासर’, ‘मुकादम’, ‘मराठी सर’, ‘मराठी मॅडम’ अशी ती यादी असते. नाते आणि गाव ही आपली जुनी ओळख सांगण्याची रीत. तीच फोनमध्ये उतरली. वसुलीला बसलेल्या अनोळखी माणसाला यापेक्षा चांगली अनुक्रमणिका कोण करून देईल? कोणाला फोन केला की हा मुलगा कळवळेल, हे त्याला शोधावेही लागत नव्हते. ते मायबोलीत लिहिलेले होते.

सातव्या दिवशी पैसे नव्हते म्हणून त्याने दुसरे ॲप घेतले, दुसरे फेडायला तिसरे. फेब्रुवारीच्या शेवटी सात झाली. मग एका सकाळी आमच्या दोघांच्या फोनवर, काही मिनिटांच्या अंतराने, तोच संदेश आला. पॅनकार्डवरचा त्याचा फोटो, खाली हिंदीत ‘चोर’ आणि आणखी काही शब्द जे इथे लिहिणार नाही. वर्गातल्या मुलांना आला, जाफ्राबादच्या मामाला आला, बहिणीच्या सासरी आला. आमच्यापैकी एकीने त्याला तत्काळ फोन केला. तो बंद होता. पुढे दोन आठवडे तो कॉलेजात दिसला नाही.

संदेश मुकादमालाही गेला होता, आणि सर्वांत महाग तोच पडला. कारण मुकादमाने त्या घराला पैसे दिलेले होते. त्याने फडावरच बापाला विचारले, की पोरगा असा असेल तर माझ्या उचलीचे काय. एप्रिलमध्ये हंगाम संपवून आई परत आली आणि मुलाला घेऊन कॉलेजात आली. तिचा पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. “मॅडम, तुमच्या फोनात बी आलं का?” हो म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “किती लोकायला गेलं असंल?”

सातही ॲपांचे मिळून अठ्ठेचाळीस हजार गेले. ते आले कुठून, तर मुकादमाकडून, पुढच्या हंगामाच्या उचलीपोटी. म्हणजे तीन हजार दोनशेच्या डिजिटल कर्जाची परतफेड शेवटी दोन माणसांनी कोयत्याने केली. अत्याधुनिक वित्तव्यवहाराविषयीचे लेख वाचताना आम्हाला ही साखळी आठवते. नव्याने जुन्याला हटवले असे त्यांत गृहीत धरलेले असते. आम्ही पाहिले ते असे की नवे जुन्याच्या खांद्यावर बसले आणि जुन्याची पकड आणखी घट्ट झाली.

यावरून जुना सावकार भला होता असे आम्हाला म्हणायचे नाही. बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला त्यालाही १९२५ पासून मोजले तर शंभर वर्षे झाली. खोट्या खरेदीखतांनी गिळलेल्या जमिनी परत मिळवून देण्याची तरतूद महाराष्ट्राला २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात करावी लागली, यातच सारे आले. सावकारही लाज वापरीत असेच. लग्नाच्या मांडवात येऊन उभा राहण्याची धमकी आपल्या ग्रामीण कथांतून किती वेळा येते. पण त्या बेअब्रूला गावची शीव होती. शिवेपलीकडच्या आत्याला ती कळायला वेळ लागे, कधी कळतही नसे. शिवाय सावकारालाही त्याच गावात राहायचे होते, त्याचीही काही पत त्या गावावर अवलंबून होती. ॲपच्या वसुलीवाल्याला गाव नाही. त्याला तोंडही नाही.

आणखी एक फरक कागदाचा. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला चढवला तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः दप्तरांवर होता. खते, रोखे, हिशेबाच्या वह्या जाळल्या गेल्या. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते. जाळणे काय किंवा बुडवणे काय, खत एक होते म्हणून ते शक्य होते. आमच्या विद्यार्थ्याने सगळी ॲपे काढून टाकली, सिमकार्ड मोडले, फोन मूळ स्थितीला आणला. यादी तोवर कुठल्या कुठे पोहोचली होती.

हे केवळ आमच्याकडेच घडले असेही नाही. मोबाइलवरच्या पैशाचा पहिला मोठा प्रयोग केनियात झाला. तिथे २००७ मध्ये एम-पेसा सुरू झाले आणि २०१२ च्या अखेरीस त्याच फोनवरून छोटी कर्जे मिळू लागली. त्यांच्यामागून ॲपे आली, आणि त्यांतल्या काहींनी थकबाकीदाराच्या मामा-काकांना, कार्यालयातल्या साहेबांना संदेश पाठवण्याचा हाच मार्ग शोधला. २०२२ च्या केनियाच्या नियमांना ग्राहकाच्या संपर्कयादीचा असा वापर नावानिशी निषिद्ध करावा लागला. लोकलज्जा ही खास मराठी खेड्याची गोष्ट आहे असा आमचा समज होता. तो बरा मोडला.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला. भारतीयांना उपलब्ध असलेल्या सुमारे ११०० कर्जॲपांपैकी ६०० बेकायदा आहेत असे त्यात नमूद होते. जानेवारी २०२० ते मार्च २०२१ या काळात बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर अडीच हजारांहून अधिक तक्रारी आल्या, त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातल्या. २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ॲपांना संपर्कयादी, फोटो, फोनच्या नोंदी यांना हात लावण्यास मनाई केली. पैसा कर्जदाराच्या आणि परवानाधारक संस्थेच्या खात्यांतच फिरला पाहिजे, एकूण वार्षिक खर्चाचा दर आधी सांगितला पाहिजे आणि ठराविक दिवसांत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा खर्च भरून, दंडाविना कर्ज सोडता आले पाहिजे, हेही त्यांत आले. गूगलनेही ३१ मे २०२३ पासून आपल्या दुकानातील कर्जॲपांना संपर्क आणि छायाचित्रे बंद केली. ८ मे २०२५ रोजी हे नियम एकत्र करून नवे निर्देश निघाले, आणि १ जुलै २०२५ पासून परवानाधारक संस्थांशी जोडलेल्या ॲपांची सूची रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. कर्ज घेण्यापूर्वी ती पाहता येते. फसवणूक झालीच तर १९३० हा क्रमांक आहे. आम्ही हे सारे कॉलेजच्या सूचनाफलकावर मराठीत लावले आहे. मात्र दुकानाबाहेरून, व्हॉट्सॲपवरच्या दुव्याने उतरवून घेतलेले ॲप हे नियम वाचत नाही, आणि तातडीने पैसा हवा असलेला मुलगा सूचनाफलक वाचत नाही.

जी ॲपे नियमांत आहेत त्यांनी लाजेऐवजी दुसरे तारण घेतले आहे. त्याचे नाव सिबिल. मुळात २००० साली स्थापन झालेल्या एका कंपनीच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे. आज आमच्या आठवडी बाजारात “माझं सिबिल बसलंय” असे शेतकरी म्हणतो तेव्हा तो शब्द नपुंसकलिंगी मराठी नाम झालेला असतो, ‘कंबर बसली’ किंवा ‘घसा बसला’ यांच्या पंक्तीतला. ३०० पासून ९०० पर्यंतचा हा आकडा. पीककर्जासाठी सिबिल पाहू नका असे राज्य सरकारला बँकांना पुन्हा पुन्हा बजावावे लागते, यावरून तो किती खोल रुतला आहे ते दिसते.

आमचा तो विद्यार्थी पदवीधर झाला. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका सळयांच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसतो. २०२५ मध्ये त्याने दुचाकीच्या कर्जासाठी बँकेत अर्ज केला, तो नामंजूर झाला. सातांपैकी एक ॲप परवानाधारक संस्थेचे निघाले. त्याचे पैसे २०२२ मध्येच फिटले होते, पण नोंदीत ते अजून थकीत दिसत होते. वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल मोफत मिळतो हे त्याला माहीत नव्हते. आम्ही तो काढून दिला. तो पाहून त्याने विचारले, “सर, सिबिलला मराठीत काय म्हणायचं?” आमच्यापैकी एकाने सवयीने ‘पत’ हा शब्द सांगितला. तो पटकन म्हणाला, “नाही सर, पत तर आहे माझी गावात. मुकादमाचे सगळे फेडलेत आम्ही.”

मग आम्ही तिघे मिळून दुरुस्तीचा अर्ज लिहायला बसलो. अशा अर्जाचा निकाल तीस दिवसांत लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. आधी मराठीत मसुदा केला, तो त्याने वाचून दोन ठिकाणी सुधारला. मग त्याचे इंग्रजी केले. अर्ज पाठवायला त्याने फोन काढला तेव्हा आमच्यापैकी एकीची नजर त्याच्या यादीवर गेली. ‘आई’ नव्हती, ‘मामा जाफ्राबाद’ नव्हते, ‘मराठी मॅडम’ही नव्हत्या. सगळे क्रमांक नुसत्या शेवटच्या चार आकड्यांनी जतन केलेले होते. कोणता कोणाचा, ते त्याला पाठ आहे.